चाकांवरचा बंब

आमचे अण्णा मे महिन्यात इंग्लंडला आले आणि पहिले दहा दिवस सपशेल कंटाळले. लंडन झालं, राजवाडा झाला, थेम्सवरची होडी झाली. थेम्स बघून "आपल्या कृष्णेला पूर आल्यावर बघावं ह्यांनी" एवढाच शेरा. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात ३४ वर्षं बॉयलर अटेंडंट म्हणून काढलेला हा माणूस. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, तरी घरात कुकरची शिट्टी लांबली की बसल्या जागेवरून मान वर होते. अशा माणसाला म्यूझियम दाखवून काय उपयोग?

शेवटी माझ्या लेकीच्या शाळेत कुणीतरी सांगितलं की शनिवार-रविवार जवळच्या गावाबाहेर स्टीम रॅली, म्हणजे जुन्या वाफेच्या इंजिनांची जत्रा आहे. आम्ही केंटमध्ये मेडवे नदीच्या काठी राहतो. इथं उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या शेतात अशी जत्रा भरते. सात वर्षांत मी एकदाही गेले नव्हते. म्हाताऱ्या गोऱ्यांचा काहीतरी छंद, एवढंच डोक्यात.

शेतात गाडी लावली. अण्णांनी दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला आणि नाक वर करून तसेच थांबले.

"स्टीम हाय," म्हणाले.

मला नुसता कोळशाचा धूर येत होता. त्यांना मात्र त्यातलं तापलेलं तेल, ओली वाफ, राख असं सगळं वेगवेगळं कळत होतं.

आत गेलो तर खरोखर जत्राच. नांगरणीची अजस्र इंजिनं. ही जोडीनं चालायची. शेताच्या दोन बांधांवर एकेक उभं करायचं आणि पोलादी दोरानं नांगर इकडून तिकडे ओढायचा. मळणीचं यंत्र फिरवणारी इंजिनं. सगळ्यांत नटलेली म्हणजे शोमनची इंजिनं. पिळाचे पितळी खांब, वर छत, छताला रांगेनं दिवे आणि धुराड्यापुढे बसवलेला डायनामो. एके काळी जत्रेतले पाळणे वाहून न्यायचे आणि रात्री तिथली वीजही करायची, हे त्यांचं काम. लोकांची गर्दी तिथंच. आणि पार टोकाला, खडीच्या ढिगाशेजारी, पाच-सहा रोड रोलर. लग्नात आचारी मांडवामागं असतात ना, तसे.

इथल्या शौकीन मंडळींतही रोलरचा मान थोडा खालचाच. पितळ कमी, वेग माणसाच्या चालीचा, वजन दहा टनांच्या आसपास, आणि गावात फिरवला तर मागं गाड्यांची रांग. पण खिशाला परवडणारं पहिलं इंजिन बहुतेकांच्या नशिबी रोलरच असतं. बोल्टनचे फ्रेड डिब्ना, जे उंच धुराडी दुरुस्त करायचे आणि पुढे टीव्हीवर घराघरांत पोचले, त्यांनीही सुरुवात १९१० सालच्या रोलरपासूनच केली. काही जण तर रोलरचे रूळ काढून चाकं बसवतात आणि त्याचं ट्रॅक्शन इंजिन, म्हणजे रस्त्यावर ओझी ओढणारं इंजिन, करून टाकतात. या विषयावर इथं दोन म्हाताऱ्यांना बोलतं केलंत तर चहा गार होईपर्यंत भांडण मिटत नाही. माझं मत विचाराल तर मी रोलरवाल्यांच्या बाजूची. आचाऱ्याला फेटा बांधून नवरदेव कशाला करायचा?

त्या रांगेतल्या हिरव्या रोलरपाशी अण्णा थांबले. मालक सत्तरीचे, डोक्यावर तेलकट काळी टोपी, चेहऱ्यावर काजळी. ते कोळशाच्या फावड्यावर बेकन आणि अंडी भाजत होते. फावडं घासून लखलखीत केलेलं, भट्टीच्या तोंडात धरायचं, दोन मिनिटांत नाश्ता तयार. आम्हालाही आग्रह झाला. अण्णा माळकरी. गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावून त्यांनी नमस्कार केला. मालकांना काय समजलं देव जाणे, पण त्यांनी मुकाट्यानं थर्मासमधला चहा पुढे केला.

अण्णांचं लक्ष चहाकडे नव्हतंच. बॉयलरवर एक उभी काचेची नळी असते, गेज ग्लास. आत पाणी किती आहे ते त्यात दिसतं. अण्णा तिच्याकडे टक लावून बघत होते.

"विचार त्यांना, ग्लास ब्लो केलीय का सकाळी?"

मी घाबरत घाबरत भाषांतर केलं. परक्या माणसाच्या इंजिनाला नावं ठेवल्यासारखं वाटत होतं. मालकांनी फावडं बाजूला ठेवलं, अण्णांकडे नीट बघितलं आणि एक अक्षर न बोलता खालचा कॉक उघडला. फस्सकन वाफ-पाणी जमिनीवर उडालं, नळी रिकामी झाली. कॉक बंद केला तसं पाणी उसळी मारून वर आलं आणि अर्ध्यावर डुलत थांबलं.

"हां," अण्णा म्हणाले. "आता खरं बोलतीय काच."

नळीचं तोंड गाळानं बुजलं असेल तर काच खोटं पाणी दाखवते. आत बॉयलर कोरडा पडत असतो आणि आपण निर्धास्त. ही भीती सांगलीत आणि केंटमध्ये एकच. पुढचा तासभर माझी गरज फक्त मधूनमधून लागली. मालकांनी प्रेशर सांगितलं, चौरस इंचाला दीडशे पौंड. अण्णांनी मनात चौरस सेंटिमीटरचा हिशेब केला, "साडेधा किलो. आमचा पंचेचाळीसचा हुता." मी हे सांगितल्यावर मालकांनी टोपी काढली. थट्टेनं नव्हे, खरंच काढली.

मग अण्णांना एक गोष्ट खटकली. त्यांच्या कारखान्यात पाणी नळ्यांत असायचं आणि बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, आग नळ्यांच्या बाहेरून. इथं सगळं उलटं. आग आणि धूर नळ्यांतून जातो आणि पाणी नळ्यांभोवती. माझी लेक मध्येच म्हणाली, म्हणजे कसं? अण्णांनी तिला बाजूला घेतलं.

"आपल्या गावाकडच्या घरी तांब्याचा बंब बगितलास न्हवं? मधी नळकांडं, त्यात इस्तू, आन् भवतीनं पाणी. त्यो बंब आडवा पाड. एका नळकांड्याच्या जागी तीस-चाळीस बारकी नळकांडी घाल. झाकण घट्ट लाव. खाली चाकं लाव. झाला रोलर."

इतकं सोपं मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. अण्णांनी पुढे अजून एक सांगितलं. सिलिंडरचं काम आटोपलेली वाफ धुराड्यातून वर सोडतात आणि ती जाताना आपल्याबरोबर भट्टीतली हवा ओढत नेते. म्हणजे इंजिनाला चढ लागला, जोर जास्त लागला, की वाफ जास्त सुटते आणि आग आपोआप फुलते. तो जो भक-भक आवाज येतो तो इंजिनाचा श्वासच. भट्टीच्या माथ्यावर शिशाचा गाभा भरलेला एक बूच असतो. पाणी फार खाली गेलं तर शिसं वितळतं, वाफ भट्टीत घुसते आणि ड्रायव्हरला पळायची सूचना मिळते. मालकांनी जुना काढलेला बूच खिशातून काढून अण्णांच्या तळहातावर ठेवला. अण्णांनी तो उलटसुलट करून बघितला आणि परत देताना, का कोण जाणे, कपाळाला लावला.

इथं इंजिनाला 'ती' म्हणतात, हेही मी सांगितलं. अण्णा म्हणाले, "आमचा बॉयलर बापयच हुता. सारखा खायला मागायचा."

रोलरच्या पुढच्या बाजूला, धुराड्याखाली, पितळेचा एक घोडा होता. मागच्या पायांवर उभा राहिलेला, आणि खाली अक्षरं 'इन्व्हिक्टा', म्हणजे अजिंक्य. हे केंट परगण्याचं चिन्ह. तो बघून अण्णा चमकले. "ह्यो घोडा आपल्याकडं हुता की!"

आणि मला आठवलं. आमच्या तालुक्याच्या गावी एका सरकारी आवारात बाभळीखाली एक रोलर गंजत उभा असायचा. शाळेतून येताना आम्ही त्याच्या रुळावर चढून बसायचो. मी बघितला तेव्हा पुढे नुसती चार भोकं होती. अण्णांनी त्याला धावताना आणि घोड्यासकट बघितलं होतं. पितळ होतं, कुणीतरी नेलं.

तो घोडा कुठून आला हे मला त्या दिवशी कळलं, आणि थोडी लाजच वाटली, कारण मी रोज कामाला जाते त्या पुलाच्या पलीकडे, स्ट्रूडच्या नदीकाठावर, हे रोलर बनत होते. ॲव्हलिंग अँड पोर्टर, रॉचेस्टर. थॉमस ॲव्हलिंग मुळातले शेतकरी. त्या काळी मळणीचं वाफेचं इंजिन एका शेतातून दुसऱ्या शेतात न्यायला घोडे जुंपायचे. ज्याच्यात एवढा जोर, त्यालाच घोड्यांनी ओढायचं, हे त्यांना सहन होईना. १८५९ मध्ये त्यांनी इंजिनापासून मागच्या आसापर्यंत एक लांब साखळी टाकली आणि इंजिन स्वतःच्या पायांवर चालू लागलं. १८६५ मध्ये त्यांच्या रोलरच्या चाचण्या झाल्या, त्यातली एक आमच्या रॉचेस्टरच्या स्टार हिलवर. त्या चढावर माझी गाडी हिवाळ्यात कुरकुरते. १८६७ ला लिव्हरपूलनं पहिला रोलर घेतला आणि मग हा घोडा जगभर गेला. ब्रिटनमध्ये या कंपनीहून जास्त वाफेचे रोलर कुणीच बनवले नाहीत.

पण त्याआधीच, १८६३ मध्ये, कलकत्ता पालिकेचे इंजिनिअर क्लार्क आणि बर्मिंगहॅमचे बाथो यांनी मिळून एक वाफेचा रोलर तयार केला होता, तोही कलकत्त्याच्या रस्त्यांसाठी. म्हणजे रोलरच्या अगदी सुरुवातीच्या हाकांतली एक आपल्याकडच्या खडीला होती. हे मी मालकांना मोठ्या अभिमानानं ऐकवलं. ते म्हणाले, माहीत आहे. इथं या लोकांना सगळं माहीत असतं, ही एक अडचण आहे.

इंजिनं बनत होती त्याच काळात त्यांच्यावर कायदाही आला. गावात वेग ताशी २ मैल, बाहेर ४, आणि पुढे लाल निशाण घेऊन एक माणूस चालणार. लेकीला हे इतकं आवडलं की ती ओढणी हातात धरून रोलरपुढे चालायला लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर डिझेलनं जागा घेतली आणि ही सगळी इंजिनं भंगारात निघाली. वाचली कशी, याची गोष्ट मला फार आवडली. १९५० मध्ये ॲपलफर्ड गावात आर्थर नॅपर नावाच्या शेतकऱ्यानं एका मित्राशी बिअरच्या पिंपाची पैज लावली आणि दोघांनी आपापली जुनी इंजिनं शेतात पळवली. नॅपर जिंकले. पुढच्या वर्षांत बघायला माणसं वाढत गेली आणि आजच्या साऱ्या रॅल्यांचं मूळ त्या पैजेत सापडतं. सरकारी योजना नाही, समिती नाही, ठराव नाही. आपल्याकडं बैलगाडा शर्यतीला जी हौस लागते, तीच.

हौस म्हणावं असं त्यात वरवर काही दिसत नाही, हे मात्र खरं. मालक सकाळी पाचला येतात. नळ्या ब्रशनं साफ करायच्या, राख काढायची, लाकडं आणि तेलकट चिंध्या पेटवायच्या, मग बेतानं कोळसा. थंड बॉयलर घाईनं तापवला तर पत्र्याला आणि नळ्यांना ताण बसतो, त्यामुळे दोन-तीन तास नुसते बघत बसायचे. दरवर्षी इन्स्पेक्टरकडून बॉयलर पास करून घ्यायचा. (आपल्याकडे या खात्याचं नाव 'बाष्पके संचालनालय'. अण्णांनी ३४ वर्षांत एकदाही 'बाष्पक' हा शब्द तोंडातून काढला नाही.) आणि आता कोळशाचीच पंचाईत. वेल्समधली फॉस-इ-फ्रान खाण नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाली आणि वाफेच्या इंजिनांना मानवणारा तिथला कोळसा संपला. आता बाहेरून आलेला कोळसा किंवा कारखान्यात दाबून केलेले गोळे. मालकांनी एक गोळा दाखवला. अण्णांनी वास घेऊन नापास केला.

दुपारी खडीवर प्रात्यक्षिक होतं. मालकांनी अण्णांना वर घेतलं. स्टिअरिंगचं चाक गरागरा फिरवावं लागतं. खाली साखळी ताणली जाते, पुढचा रूळ जरा विचार करतो आणि मग सावकाश वळतो. अण्णा चार वेढे फिरवून थांबले, काहीच होईना, म्हणून आणखी तीन फिरवले, आणि रोलर थेट चहाच्या तंबूकडे निघाला. मालकांनी लिव्हर मागे घेतला आणि दहा टनांचं धूड हुंकार देऊन उलटं चाललं. रोलरचा खरा ब्रेक तोच. डांबरी रस्ते आल्यावर हे उलटं फिरणं फारच महत्त्वाचं झालं, कारण गरम डांबरावर रोलर क्षणभर रेंगाळला की तिथं खळगा. बेसिंगस्टोकच्या वॉलिस अँड स्टीव्हन्स कंपनीनं यासाठी 'ॲडव्हान्स' नावाचा रोलर काढला, त्याला जड फ्लायव्हील, म्हणजे गती टिकवणारं मोठं चाकच ठेवलं नाही, त्यामुळे तो पटकन उलटा फिरायचा. तोही एक रांगेत होता, पण अण्णांनी त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही. घोडा नव्हता ना.

खडी दबताना जो आवाज येतो, कर्र-कर्र, मग हळूहळू मुका होत जाणारा, तो ऐकून मी तालुक्याच्या गावी गेले. अण्णा वरून उतरले तेव्हा पांढऱ्या सदऱ्यावर काजळीचे ठिपके होते. त्यांनी मालकांच्या हातातली चिंधी घेतली आणि कुणी काही म्हणायच्या आत पितळी घोडा पुसायला लागले. खुरांच्या मधल्या फटीतली राख नखानं काढली. मालक शेजारी उभे राहून पाईप ओढत होते. दोघंही बोलत नव्हते.

निघताना मालकांनी मला विचारलं, हे उद्या येतील का? मी म्हटलं, उद्या आमचं कॅन्टरबरी कॅथेड्रलचं बुकिंग आहे.

रविवारी पहाटे पावणेपाचला माझ्या दारावर टकटक झाली. अण्णा बूट घालून, कालचाच काजळीचा सदरा चढवून उभे होते.

"ऊठ गं पोरी," म्हणाले. "पेटवायच्या आदी नळ्या झाडायच्यात."