आईनं विचारलं, बैल कुठे गेले?

डॉर्टमुंडच्या घरात शुक्रवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलाला सहा खुर्च्या लागायच्या. पाच खेळाडू आणि गोष्ट चालवणारी मी. जर्मन लोक गोष्टींचे हे खेळ मनापासून खेळतात. त्यांचा स्वतःचा 'दस श्वार्त्से आउगे' १९८४ पासून चालू आहे, त्यात गोष्ट चालवणाऱ्याला 'माइस्टर' म्हणतात. आम्ही खेळायचो ते 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स', १९७४ साली अमेरिकेत निघालेला. कधी पाहिला नसेल तर थोडक्यात सांगते: मी प्रसंग सांगायचा, समोरच्यांनी आपलं पात्र काय करतं ते बोलायचं, आणि जमलं की फसलं हे बहुतेकदा वीस बाजूंचा फासा ठरवतो.

मग इकडे सगळ्यांचं होतं तसं आमचंही झालं. एकीला म्युनिकला नोकरी लागली, एकाच्या घरी बाळ आलं, एक जण देशच सोडून गेला. समोर दोघं उरले. तरी मी चार-पाच जणांसाठी छापलेली मोहीम तशीच्या तशी चालवली. पहिल्याच हल्ल्यात, दुसऱ्या फेरीत, दोन्ही पात्रं आडवी झाली. पाऊण तासात खेळ संपला आणि दोघं कोट चढवून मुकाट्यानं ट्रामकडे गेले. त्या रात्री मी झोपले नाही. पुस्तक काढून हिशेब करत बसले.

हिशेब असा. खेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत लढाई किती अवघड ते गुणांत मोजतात. एका गॉब्लिनचे, म्हणजे खुज्या लुटारू राक्षसाचे, ५० गुण. त्या पहिल्या हल्ल्यातले चार गॉब्लिन म्हणजे २००, आणि ते एकदम येतात म्हणून दुप्पट, ४००. नवख्या चार पात्रांसाठी 'जीवघेणी' लढाई नेमकी ४०० पासून सुरू होते. म्हणजे चौघांनाही ती अवघडच. दोघांसाठी ही हद्द २०० वर येते. शिवाय गट तिघांपेक्षा लहान असला की दुपटीऐवजी अडीचपट धरायची, म्हणजे ५००. हद्द दोनशेची आणि लढाई पाचशेची! आकडे सोडले तरी कारण साधं आहे. दर फेरीत समोरून चार वार येणार आणि आपले दोनच जाणार. त्यातला एक पडला की दुसरा एकटा.

दिवाळीला नागपूरला आले तेव्हा हे सगळं डोक्यात ताजं होतं. ऑक्टोबरात एसेनला खेळांची मोठी जत्रा भरते, तिथून घेतलेले फासे बॅगेत होते. महाल भागातल्या आमच्या घरात पूर्वी दिवाळीला पंगतच बसायची. आता आई, भाऊ-वहिनी आणि अकरा वर्षांचा भाचा. भाऊ-वहिनी दिवसभर कामावर. दुपारी मी आईला आणि भाच्याला दिवाणावर बसवलं आणि तीच मोहीम काढली.

या वेळी आधी बसून ती कापली होती. गॉब्लिनांचे वाटमारे केले आणि रस्ता आणला काटोलचा. मारलेल्या घोड्यांच्या जागी संत्र्यांनी भरलेली उलटी बैलगाडी ठेवली. चार वाटमाऱ्यांचे दोन केले, तेही एका वेळी एकच, दुसरा उशिरा झाडावरून उतरणारा. दोघं एकदम आले असते तरी गणित पुन्हा नेमकं त्या जीवघेण्या हद्दीवरच पोचत होतं. पात्र पडलं तर मरणार नाही, पकडलं जाईल, हे नक्की केलं. बंद दाराला एकच किल्ली ठेवली नाही, कारण दोघांच्यात कुलूप उघडणारा असेलच असं नाही. आणि जी खूण सापडल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही, ती फाशाच्या भरवशावर सोडली नाही.

सोबतीला एक मदतनीसही दिला. २०१९ च्या एका नवशिक्या संचात एकाच खेळाडूबरोबर खेळता यावं म्हणून अशा साथीदाराचे नियम आले, ते मला फार उपयोगी वाटतात. फक्त तो साथीदार खेळाडूच्या हातात द्यावा. माझ्याकडे ठेवला तर मीच माझ्याशी बोलत बसते. भाच्यानं कुत्रा मागितला. मी दिला.

"गाडी उलटली आहे. संत्री रस्ताभर पसरली आहेत. गाडीवान दिसत नाही," मी म्हटलं. भाच्यानं लगेच तलवार काढली. आई मात्र थांबली.

"बैल कुठे गेले?"

डॉर्टमुंडला हाच प्रसंग मी दोनदा चालवला आहे. घोड्यांबद्दल कुणी हा प्रश्न विचारला नव्हता, कारण पुस्तकात घोडे मेलेले पडलेले असतात. आईसमोर बैल मारायची माझी छाती झाली नाही. तिच्या माहेरी पोळ्याला बैलांच्या पाया पडल्याशिवाय कुणी जेवत नसे.

"गाडीजवळ नाहीत," मी म्हटलं.

"जू मोडलं आहे का? का शिवळा काढलेल्या आहेत?"

शिवळा म्हणजे जुवाच्या टोकाच्या लाकडी खुंट्या, बैलाची मान त्यांच्यामध्ये असते. त्या काढलेल्या असतील तर बैल माणसानं सोडले, जू मोडलं असेल तर ते बुजून पळाले. माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. मी क्षणभर विचार केला आणि म्हटलं, "एक शिवळ काढलेली आहे. दुसरी मोडली आहे."

आई दिवाणावर सरळ होऊन बसली. "मंग गाडीवान जिवंत आहे. त्यानं एक बैल सोडला, दुसरा सोडता सोडता कोणी तरी आलं. बैल घरचा रस्ता धरतात. तू काय तलवार काढून राहिला रे, खुरं पाहा आधी!"

भाच्यानं कुत्र्याला हुंगायला लावलं. पुढचे दोन तास वाटमाऱ्यांची गुहा आम्हाला लागलीच नाही. खुरांच्या मागे आम्ही गाडीवानाच्या गावात गेलो, त्याच्या बायकोशी बोललो, आणि मी रात्र रात्र जागून केलेली तयारी तशीच राहिली. पाचांच्या टेबलावर एक जण बोलत असताना बाकीचे चौघं विचार करतात, मला श्वास घ्यायला वेळ मिळतो. दोघांत तसं नाही. दर मिनिटाला कुणी तरी तुमच्याकडे बघतं. म्हणून आता मी खोल्या आणि राक्षस कमी लिहिते आणि माणसं जास्त: त्यांना काय हवं आहे, ती कशाला घाबरतात. तेवढं माहीत असलं की कुठल्याही प्रश्नाला उत्तर देता येतं.

वाटमारा शेवटी भेटलाच. एकटा, लंगडत. भाच्यानं फासा टाकला, १७ पडले, आणि तो दिवाणावरून उडी मारून अंगणात धावत गेला. आईनं त्याला हाक मारून परत आणलं, कारण तिचा डाव बाकी होता.

मी डॉर्टमुंडला परत आले आहे. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, त्यामुळे रविवारी माझे चार वाजले की नागपुरात साडेआठ होतात आणि आईची जेवणं उरकलेली असतात. गेल्या रविवारी कॅमेरा सुरू झाला तेव्हा भाचा फासे मांडत होता, आणि मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "त्या डाव्या बैलाच्या खांद्याला जखम असेल. जू ओढून तोडलं आहे त्यानं. हळद लावायची राहिली आपली."

तो प्रसंग मी अजून लिहिलेला नाही. रविवारच्या आत लिहायचा आहे.