खिंडीच्या वाटेवर मिररलेस की कॉम्पॅक्ट? घळ चढून आल्यावरचं उत्तर

‘मिररलेस आता इतके हलके झालेत की कॉम्पॅक्ट घेण्याचं कारणच उरलेलं नाही.’ निघण्यापूर्वी ज्याला विचारलं त्याने मला हेच सांगितलं. (मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा; कॉम्पॅक्ट म्हणजे लेन्स कायमचा बसवलेला छोटा कॅमेरा.) खिंड ओलांडून परत आले आहे, पाय अजून दुखताहेत, आणि माझं ठाम मत असं की हे सांगणाऱ्यांनी दोन्ही हात दगडाला लावून, गळ्यात मिररलेस अडकवून कुठलीही घळ चढलेली नाही.

पाठीवर सॅक घेऊन दिवसभर चालायची सवय आहे, बूट पायाला बसलेले आहेत, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ म्हणजे काय ते माहीत आहे, एवढं गृहीत धरून लिहिते आहे. माझ्याकडे एपीएस-सी सेन्सरचा (सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, एपीएस-सी हा तिचा एक मोठा आकार) मिररलेस होता, त्यावर किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणारा साधा झूम, आणि सॅकमध्ये एक लांब टेली झूम, दूरचं जवळ आणणारा. आमच्यातल्या एकाकडे एक इंची सेन्सरचा कॉम्पॅक्ट होता, २४-७० मिमीच्या तोडीचा झूम आणि एफ/१.८ ते २.८ अ‍ॅपर्चर असलेला. वाट एकच, उजेड एकच, त्यामुळे तुलना करायला सबब उरली नाही.

आधी वजनाचं बोलते, कारण फसगत तिथून सुरू होते. मिररलेसच्या माहितीपत्रकात जे वजन ठळक छापतात ते नुसत्या बॉडीचं. सोनी ए६४०० घ्या. बॅटरी आणि कार्ड धरून ४०३ ग्रॅम. हा आकडा वाचून माणूस खूश होतो. त्यावर १८-१३५ मिमीचा लेन्स चढवला की ३२५ ग्रॅम वाढले. दूरचं टिपायला ७०-३५० घेतला की आणखी ६२५. झाले १३५३ ग्रॅम, आणि अजून बॅग, फिल्टर, जादा बॅटऱ्या धरलेल्याच नाहीत. उलट कॉम्पॅक्टचं छापलेलं वजन म्हणजे अख्खा कॅमेरा, लेन्ससकट. सोनी आरएक्स१०० मार्क ७ हा ३०२ ग्रॅम, रिको जीआर ३ हा २५७ ग्रॅम. बॉडीचं वजन कॉम्पॅक्टच्या अख्ख्या वजनाशी ताडून कुणी सल्ला देत असेल तर त्याला तिथेच थांबवा आणि लेन्सचं वजन विचारा.

खालची जंगलातली आणि कुरणातली चाल सोपी होती. तिथे कुठलाही कॅमेरा चालतो. त्यावर शब्द खर्च करत नाही.

घळीबद्दल मात्र सविस्तर. खिंडीखालचा शेवटचा चढ म्हणजे अरुंद घळ, खाली सगळा घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारे सुटे दगड, आणि मधूनमधून अंगावर येणारे कातळाचे टप्पे. काठ्या मिटून सॅकला लावायच्या आणि हातांनी चढायचं. उजवा हात वरची खाच शोधतोय, डावा हात खालच्या दगडावर भार देतोय, एक पाय घसाऱ्यात रुततोय. अशा वेळी गळ्यातला कॅमेरा पुढे लोंबतो आणि प्रत्येक पावलाला आधी तो दगडावर आपटतो. पहिल्या टप्प्यावर लेन्सचा हूड कातळाला लागून तडकला. दुसऱ्यावर कॅमेरा माझी छाती आणि दगड यांच्यामध्ये असा अडकला की शरीर कातळाजवळ नेताच येईना. कातळाजवळ जाता आलं नाही की भार पायांवरून हातांवर येतो, आणि हात तिथे किती वेळ टिकतात हे चढणाऱ्यांना सांगायला नको. पट्टा आखूड करून कॅमेरा काखेखाली सरकवला, तर तो सॅकच्या छातीपट्ट्यात गुंतला. शेवटी एका बऱ्यापैकी सपाट दगडावर टेकून तो सॅकमध्ये गेला, आणि खिंडीपर्यंत बाहेर आला नाही.

सगळ्या वाटेत फोटो काढण्यासारखी जागा ती घळच होती. दोन्ही बाजूंना उभ्या भिंती, वरून तिरपा येणारा उजेड, त्यात तरंगणारी धूळ, आणि खालून वर येणारे आमचेच चेहरे. माझ्याकडे त्यातला एकही फोटो नाही. कॉम्पॅक्टवाल्याकडे आहेत. सॅकच्या खांदापट्ट्यावर त्याने छोटं पाऊच लावलं होतं. डाव्या हाताने खाच पकडून ठेवायची, उजव्या हाताने चेन उघडायची, कॅमेरा काढायचा, अंगठ्याने बटण दाबायचं, फोटो, पुन्हा आत. आमच्या मागून येणारी मैत्रीण एका टप्प्यावर वर बघतेय, तिच्या भुवयांवर धूळ बसली आहे, आणि हाताची चार बोटं दगडाच्या कडेवर पांढरी पडली आहेत, असा एक फोटो त्याने काढलाय. तो पाहून मला आनंद झाला आणि पोटात कालवलंही.

आता म्हणाल, मोठ्या सेन्सरच्या दर्जाचं काय? रात्री तंबूत दोघांचे रॉ फोटो, म्हणजे कॅमेऱ्याने काहीही संस्कार न केलेले, शेजारी ठेवून पाहिले आणि मी चकित झाले. कारण साधा गुणाकार आहे. एक इंची सेन्सर (हे नुसतं नाव, माप नव्हे) १३.२ × ८.८ मिमी, म्हणजे सुमारे ११६ चौरस मिमी. एपीएस-सी २३.५ × १५.६, सुमारे ३६७. म्हणजे माझा सेन्सर तिपटीहून थोडा मोठा. पण किट लेन्स रुंद टोकाला एफ/३.५ वर उघडतो आणि त्याचा कॉम्पॅक्ट एफ/१.८ वर. या फरकाने त्याच्या सेन्सरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर पावणेचारपट प्रकाश पडतो. सेन्सरने कमावलेलं सगळं लेन्सने घालवलं. लांब टोकाला माझा एफ/५.६, त्याचा एफ/२.८, तिथे चौपट. संधिप्रकाशात मला आयएसओ ६४०० लागत होता तिथे त्याचं काम १६०० वर होत होतं, आणि दोन्हीकडची नॉइज, म्हणजे चित्रातले दाणे, जवळपास सारखी दिसत होती.

म्हणून माझा पहिला निवाडा: किट लेन्सवरच राहणार असाल तर मिररलेस डोंगरात नेऊ नका. वजन, आकार, आपटाआपटी सगळं तुम्ही सोसणार, आणि कमी उजेडातला फायदा हाती पडणार नाही. मोठ्या सेन्सरचं बक्षीस हवं तर त्यावर एफ/१.८ किंवा एफ/१.४ चा प्राइम, म्हणजे झूम नसलेला लेन्स, लावा. मग मात्र कॉम्पॅक्टला तो फरक भरून काढता येत नाही.

एक खबरदारी. हा हिशेब फक्त मोठ्या अ‍ॅपर्चरच्या, छोट्या झूमच्या कॉम्पॅक्टला लागू आहे. आरएक्स१०० मार्क ७ ला २४ ते २०० मिमीच्या तोडीचा झूम मिळतो, पण अ‍ॅपर्चर एफ/२.८ ते ४.५. दिवसा झकास, संध्याकाळी किट लेन्सच्याही मागे. सेन्सर आणखी छोटा असलेले, १/२.३ इंची कॉम्पॅक्ट तर या तुलनेत धरूच नका. त्यांचं क्षेत्रफळ एक इंची सेन्सरच्या पाव भागाइतकंच असतं. त्यातले काही पाण्यात बुडवता येतात, पावसात किंवा ओढ्यात उतरायचं असेल तेव्हा त्यांचा खरा उपयोग.

खिंडीत पोचलो तेव्हा वारा उठला होता आणि समोरच्या धारेवर गिधाड घिरट्या घेत होतं. सॅक उघडून टेली झूम चढवला आणि पहिल्यांदा वाटलं की हा सगळा भार वाहिला ते सार्थकी लागलं. डोळ्याला व्ह्यूफाइंडर, फोकस पक्ष्याला धरून बसलेला, पंखांच्या टोकाची पिसं वाऱ्यात वेगवेगळी झालेली स्पष्ट दिसत होती. कॉम्पॅक्टमध्ये त्याच गिधाडाचा आकाशातला एक ठिपका आला. इथे वाद नाही. पक्षी, दूरच्या धारेवरची जनावरं, समोरच्या कड्यावर चढणारी माणसं हे तुमचं मुख्य काम असेल तर मिररलेस आणि लांब लेन्स घ्या, आणि घळीत तो सॅकमध्येच राहणार हे घरूनच मान्य करून निघा.

मात्र खिंडीत लेन्स बदलणं महागात पडतं. वाऱ्याबरोबर उडणारी बारीक रेती सरळ सेन्सरवर बसते, आणि एफ/११ वर आकाशाच्या फोटोत करडे डाग दिसतात. बदलायचाच असेल तर वाऱ्याकडे पाठ करा, जाकिटाच्या आत धरा, बॉडीचं तोंड खाली ठेवा, आणि दुसरा लेन्स झाकण सैल करून आधीच तयार ठेवा. त्याहून बरं म्हणजे घळ संपायच्या आधी आडोशाला बदलून घ्या.

कॉम्पॅक्टवाल्यांनी फार खूश होऊ नये. खिंडीतल्या उन्हात मागच्या पडद्यावर काहीही दिसत नव्हतं. आजूबाजूला बर्फ आणि डोक्यावर दुपार, अशा वेळी व्ह्यूफाइंडर नसलेला कॅमेरा म्हणजे अंदाजपंचे काम. रिको जीआर ३ ला व्ह्यूफाइंडर नाही, कॅनन जी७एक्स मार्क ३ लाही नाही. आरएक्स१०० मालिकेत मार्क ३ पासून पुढे वर उचलायचा छोटा व्ह्यूफाइंडर आहे, आणि उंचीवर जाणाऱ्याने त्यासाठीच तो निवडावा असं माझं मत. हातमोजे घालून या कॅमेऱ्यांची बटणं दाबता येत नाहीत, ही दुसरी अडचण.

तिसरी अडचण घळीनेच दाखवली. कॉम्पॅक्टचा लेन्स आत-बाहेर सरकतो, त्या नळीच्या कडेला धूळ चिकटते, आणि आत जाताना ती बरोबर नेतो. आमच्यातल्याच्या कॅमेऱ्याच्या लेन्सवरची पाती खडा अडकून अर्धीच उघडू लागली. ब्लोअरने फुंकून, कॅमेरा उलटा धरून टिचक्या मारून ती सुटली. सुटली नसती तर तिथेच कॅमेरा बंद. मिररलेसच्या सेन्सरवरची धूळ आपण साफ करू शकतो; कॉम्पॅक्टच्या आत शिरलेली धूळ काढायला तो खोलावाच लागतो. म्हणून पाऊच आतून स्वच्छ हवं, वरून झाकणारं हवं. विजारीच्या खिशात, चुरा आणि मातीसोबत, कॉम्पॅक्ट ठेवू नका. ‘खिशात मावतो’ हे खरं असलं तरी डोंगरातला खिसा त्याची जागा नव्हे.

बॅटरीचं सांगते आणि मग थांबते. आरएक्स१०० मार्क ७ ला प्रमाणित चाचणीत एका चार्जवर २६० फोटो मिळतात, जीआर ३ ला सुमारे २००, ए६४०० ला ४१०. गारठ्यात हे आकडे धरून चालू नका. थंडीत लिथियम बॅटरी लवकर मान टाकते, ऊब मिळाली की त्यातला बराचसा जीव परत येतो. जादा बॅटऱ्या अंगालगतच्या खिशात, आणि रात्री स्लीपिंग बॅगमध्ये. कॅमेरा मात्र स्लीपिंग बॅगमध्ये घेऊ नका, श्वासाने आणि घामाने ओल धरतो. थंडीतून गरम खोलीत नेताना बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करा आणि तो खोलीइतका गरम होईपर्यंत पिशवी उघडू नका. नाहीतर काचेच्या आतल्या बाजूने दव धरतं.

मिररलेसच नेणार असाल तर गळ्यातला पट्टा काढून टाका. खांदापट्ट्यावर घट्ट बसणारी क्लिप घ्या, ती चालताना उत्तम, पण हातांनी चढायची वेळ आली की तिच्यावरचाही कॅमेरा आत ठेवा, कारण तोही कातळाला आपटतोच. सॅकमध्ये तो वरच्या कप्प्यात हवा, तळाशी नव्हे. दोन लेन्स नेऊ नका. एक प्राइम किंवा एक टेली, जे तुमचं काम असेल ते. माणसं, वाट, तंबू, घळ, उजाडताना आणि मावळताना डोंगर, एवढंच हवं असेल तर कॉम्पॅक्ट न्या, एफ/१.८ चा आणि व्ह्यूफाइंडरवाला, आणि कुणी कितीही हिणवलं तरी डळमळू नका. उन्हातही त्याचं अ‍ॅपर्चर एफ/४ ते ५.६ च्या पुढे मिटू नका, छोट्या सेन्सरवर त्यापुढे चित्र मऊ पडत जातं.

उतरताना घळीत सकाळी लवकर शिरा. ऊन लागून बर्फ सुटला की वरचे दगड सुटतात. उतार बसून, टाचा रोवून सरकत काढावा लागतो, तेव्हा मागच्या खिशात काहीही नको, आणि कॉम्पॅक्टचं पाऊच छातीवर हवं, चेन शेवटपर्यंत लावलेली. आमच्यापुढच्या गटातल्या एकाने ती अर्धी उघडी ठेवली होती. त्याचा कॅमेरा टप्प्याटप्प्याने आपटत खाली जाताना आम्ही सगळ्यांनी ऐकला, आणि त्या घसाऱ्यात तो शोधायला कुणी उतरू शकलं नाही.