साक्ष द्यायला उभं राहण्याआधी

चर्चच्या उपासनेत साक्षीसाठी, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगण्यासाठी, वेळ दिला की पुष्कळदा सुरुवात अशी होते: "मी अगदी अपात्र, धुळीसमान आहे, तरी प्रभूने..." आणि पुढची दहा मिनिटं सगळी स्वतःबद्दलच जातात. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायातला परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस) सुद्धा सुरुवात आभारानेच करतो, हे लक्षात ठेवायला हवं. देवाचे आभार मानून झाले की येतात आठवड्याचे दोन उपास, मिळकतीचा दशांश आणि मागे उभ्या असलेल्या जकातदाराकडे दाखवलेलं बोट. तेव्हा नम्रता पहिल्या वाक्यात शोधू नये. साक्षीतली नम्रता म्हणजे अचूकपणा, असं माझं ठाम मत आहे. जे झालं तेवढंच आणि जसं झालं तसंच सांगायचं.

याचा सगळ्यात चांगला धडा योहान ९ मधल्या जन्मांध माणसाकडे आहे. येशूने डोळे उघडल्यावर शेजारी विचारतात, ज्याने हे केलं तो कुठे आहे? हा म्हणतो, मला ठाऊक नाही. परूशी दरडावतात, तो माणूस पापी आहे. हा पुन्हा म्हणतो, पापी आहे की नाही ते मला ठाऊक नाही. मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं, एवढं ठाऊक आहे. दोनदा "ठाऊक नाही" म्हणणाऱ्या या माणसाची साक्ष कोणालाच मोडता आली नाही. त्याची ओळख कशी वाढत जाते तेही बघा. आधी "येशू नावाचा मनुष्य", मग "संदेष्टा", मग देवापासून आलेला, आणि शेवटी भेट झाल्यावर "प्रभू". पहिल्याच प्रश्नाला त्याने शेवटचं उत्तर दिलं नाही, कारण ते तेव्हा त्याच्याजवळ नव्हतं. त्याचे आईवडील मात्र सभास्थानातून घालवून देतील या भीतीने म्हणाले, तो मोठा आहे, त्यालाच विचारा. नम्रता आणि भित्रेपणा यांत गल्लत होते ती इथेच. गप्प बसणं दर वेळी नम्रतेचं नसतं.

आता कामाचं. साक्ष आधी लिहून काढा. तीन मिनिटांना साधारण ३०० ते ३५० शब्द पुरतात. प्रेषित पौलाने अग्रिप्पा राजापुढे केलेलं भाषण प्रेषितांची कृत्ये २६ मध्ये २ ते २३ ओव्यांत मावतं, आणि त्यात आधीचं आयुष्य, दिमिष्काच्या वाटेवर झालेलं येशूचं दर्शन आणि नंतरचं काम असं सगळं येतं. लिहिल्यावर पेन्सिलीने वाक्यांचे कर्ते अधोरेखित करा. प्रत्येक वाक्यात "मी" निघाला आणि "त्याने" दोनदाच आला, तर तोल गेलाय. हे बहुधा "आधीच्या आयुष्या"त होतं. दारू, भांडणं, कर्ज यांचं वर्णन रंगत जातं, ऐकणारे पुढे सरकून बसतात, आणि ख्रिस्ताला शेवटचं अर्धं मिनिट उरतं. पाप नाव घेऊन सांगावं, पण त्याचे बारकावे सांगू नयेत. आणि नवरा, सून, भाऊ यांच्या गोष्टी त्यांना विचारल्याशिवाय मुळीच सांगू नयेत. ती त्यांची साक्ष आहे, आपली नाही.

बरं होण्याच्या साक्षीत सगळ्यात जास्त घसरण होते. "डॉक्टरांनी हात टेकले होते, प्रार्थना केली आणि त्याच क्षणी ताप उतरला." हे वाक्य पहिल्यांदा असं नसतं. चार वेळा सांगताना औषध गळतं, मधले दिवस गळतात, "हळूहळू"चं "त्याच क्षणी" होतं. खोटं बोलायचा हेतू नसतो. ऐकणाऱ्यांचे चेहरे उजळले की जीभ पुढे धावते. खरं वाक्य असं असेल: "ताप नवव्या दिवशी उतरला. औषधं चालू होती. आम्ही रोज रात्री प्रार्थना करत होतो. मी देवाचे आभार मानते." यात देवाचा महिमा तसूभर कमी होत नाही. उलट, त्याच सभेत जिची प्रार्थना ऐकली गेली नाही असं तिला वाटतंय, अशी एखादी आई बसलेली असते. "विश्वास असेल तर होतंच" या एका वाक्याने ती मोडते. पौलाने "शरीरातला काटा", म्हणजे त्याला छळणारा एक त्रास, निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही, हेही त्याने लिहून ठेवलंय. न मिळालेल्या उत्तराचीही साक्ष देता येते, आणि तशा साक्षी आपल्याकडे फार कमी ऐकू येतात.

चर्चच्या मंडळीबाहेरच्या माणसाशी बोलताना शब्द बदला. "तारण", "अभिषेक", "रक्ताने धुतलो" हे त्याच्यासाठी बंद डबे आहेत. "माझ्या चुकांचा हिशेब त्याने स्वतःवर घेतला" असं म्हणा. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) उत्तर द्यायला तयार राहा असं सांगितलंय ते विचारणाऱ्याला, आणि तेही सौम्यपणे. म्हणून मिनिटभर बोला, थांबा, त्याचं ऐका. आधीच्या किंवा दुसऱ्याच्या श्रद्धेची टवाळी करू नका. पौल इफिसात दोन वर्षांहून अधिक काळ शिकवत होता, तरी दंगलीच्या दिवशी तिथल्या शहराच्या अधिकाऱ्यानेच लोकांना सांगितलं की ही माणसं आपल्या देवीची निंदा करणारी नाहीत. विरोधी गर्दीपुढे अशी ग्वाही मिळणं ही केवढी कमाई!

नंतर कोणी "काय छान बोललात" म्हणालं तर "छे छे, मी कसला" असं लांबवू नका. त्याने बोलणं पुन्हा आपल्यावरच येतं. "धन्यवाद" म्हणा आणि समोरच्याची चौकशी करा.

एक तपासणी मात्र टाळू नका. मार्क ५ मधला भूतग्रस्त बरा झाल्यावर येशूबरोबर जायला निघाला होता. येशूने त्याला घरी, आपल्या माणसांकडे पाठवलं. तिथे त्याला सगळे आधीपासून ओळखत होते. तेव्हा लिहिलेली साक्ष आधी घरातल्या एकाला मोठ्याने वाचून दाखवा. जिथे त्याच्या कपाळाला आठी पडेल, तिथलं वाक्य खोडा आणि पुन्हा लिहा.