लावून ठेवलेले अर्धे पान

१८ मे २०२१ रोजी दुपारी मी सांगलीतील आमच्या वृत्तपत्राच्या कार्यालयात पोहोचलो, तेव्हा आदल्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर धडकलेल्या तौक्ते चक्रीवादळाच्या बातम्यांत सगळे सहकारी गुंतले होते. क्रीडा विभागात मी एकटाच होतो. आयपीएल ४ मे रोजीच स्थगित झाली होती, जत्रांतील कुस्ती मैदाने करोनामुळे बंद होती आणि पान कशाने भरावे हा रोजचाच घोर होता. म्हणूनच ब्रिटनचे बॉक्सर टायसन फ्युरी आणि अँथनी जोशुआ यांच्या नियोजित हेवीवेट लढतीवर मी आदल्या दिवशीच अर्धे पान लावून ठेवले होते. बॉक्सिंगमध्ये चार प्रमुख जागतिक संघटना आपापला विजेतेपदाचा पट्टा देतात; त्यांपैकी डब्ल्यूबीसीचा पट्टा फ्युरीकडे होता आणि उरलेले तीन प्रमुख पट्टे जोशुआकडे. लढत १४ ऑगस्टला सौदी अरेबियात होणार, असे फ्युरीने स्वतः जाहीर केले होते. त्याहून मोठी खात्री मला आवश्यक वाटली नव्हती.

संगणक उघडताच ते पान रद्दीत गेले. अमेरिकेतील लवादाने, फ्युरीने आधी अमेरिकेचा माजी विजेता डिऑन्टे वाइल्डर याच्याशी तिसऱ्यांदा लढले पाहिजे, असा निर्णय दिला होता. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्युरीने वाइल्डरला सातव्या फेरीत हरवले होते, परंतु तिसऱ्या लढतीचा हक्क करारात लिहिलेला होता. त्याची मुदत संपली, हे फ्युरीच्या बाजूचे म्हणणे लवादाला पटले नाही.

मी नवा मजकूर लिहीत असतानाच मिरजेच्या एका वस्तादांचा फोन आला. मैदाने बंद झाल्यापासून ते बॉक्सिंगच्या बातम्याही बारकाईने वाचत असत.

“घाबरला कोण, ते सांगा,” त्यांनी विचारले.

“कोणीच नाही, वस्ताद. जुना करार आडवा आला.”

त्यांना ते पटेना, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. तेव्हाचा हेवीवेट विजेता रिडिक बो याने १९९२ मध्ये लेनॉक्स लुईसशी लढण्याऐवजी डब्ल्यूबीसीचा पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला होता, तेव्हा लोकांनी भीतीचाच अर्थ काढला. त्यापूर्वी १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत लुईसने त्याला हरवलेही होते. पण येथे गुंता वेगळा होता. आपल्याकडे दोन वस्ताद आणि जत्रा कमिटी बसली, बिदागी ठरली की कुस्तीची जोड लागते. तिकडे दोन्ही बाजूंचे प्रवर्तक, त्यांचे दूरचित्रवाणी करार, मानधनाची वाटणी आणि प्रत्येक पट्ट्यामागे रांगेत उभा असलेला अनिवार्य आव्हानवीर, म्हणजे ज्याच्याशी विजेत्याला लढावेच लागते असा बॉक्सर, असे सगळे एकाच तारखेला जुळावे लागते. शिवाय पुन्हा लढण्याची जी अट मोठ्या मल्लाला जोखीम घ्यायला राजी करते, तीच अट पुढे विजेत्याचे पाय बांधते.

“मग जोशुआची कुणाशी?” वस्तादांनी विचारले.

“बहुधा युक्रेनच्या उसिकशी. जोशुआकडच्या डब्ल्यूबीओच्या पट्ट्याचा आव्हानवीर तोच आहे.”

“दोघांतला एक जरी पडला, तरी ती जोड मोडली म्हणायची.”

२५ सप्टेंबरला लंडनमध्ये उसिकने जोशुआचे तीनही पट्टे नेले. दोनच आठवड्यांनी फ्युरीने वाइल्डरला अकराव्या फेरीत हरवले. चारही पट्टे एकत्र आले ते १८ मे २०२४ रोजी रियाधमध्ये, फ्युरीला गुणांवर हरवणाऱ्या उसिकच्या कमरेला. दुसऱ्या दिवशी सायंकाळी मी वस्तादांना फोन केला. ते एका मैदानात होते आणि हलगीच्या आवाजात त्यांना माझा एक शब्दही ऐकू आला नाही.