हजार नंबरचा सभासद

सकाळी सव्वासहाला गावच्या दूध संस्थेच्या सचिवांचा फोन आला. "साहेब, १०१ नंबर टाकला की 'सभासद सापडला नाही' असं येतंय. आजी किटली घेऊन उभ्या आहेत." १०१ म्हणजे संस्थेच्या सगळ्यात जुन्या सभासद. आणखी एकच नंबर अडत होता: १०००, आदल्या रात्री नोंदवलेला. मधले सगळे बिनबोभाट निघत होते. दोघांचं दूध वहीत लिहून घ्यायला सांगितलं आणि लॅपटॉप उघडला.

संस्थेचं सॉफ्टवेअर माझंच. त्यात नंबर शोधायला मी बायनरी सर्च लिहिला होता: क्रमाने लावलेल्या यादीतला मधला आकडा बघायचा, हवा तो नंबर त्याहून लहान असेल तर डाव्या, मोठा असेल तर उजव्या अर्ध्या भागात पुन्हा तसंच शोधायचं. पहिला संशय मधली जागा काढण्याच्या गणितावर गेला. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या तयार लायब्ररीतही तिथे चूक होती, हे ती लिहिणाऱ्यांपैकी जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये जाहीर केलं होतं. पण तिथे दोन टोकांच्या जागांची बेरीज संगणकाच्या मर्यादेबाहेर जायला शंभर कोटींवर नोंदी लागतात. आमच्या ९००.

मग अ‍ॅरेच (नंबरांची लावलेली यादी) छापून पाहिला. १०००, १०१, १०२... शेवटी ९९९. तुलना कशी करायची ते सांगितलं नाही, तर मी वापरलेल्या जावास्क्रिप्ट भाषेचं सॉर्ट (क्रम लावणारी आज्ञा) आकड्यांनाही अक्षरं समजून लावतं. तिसरं अक्षर १००० मध्ये ०, १०१ मध्ये १, म्हणून हजार आधी. नंबर १०१ पासून सुरू केले होते. सगळे तीन आकडी होते तोवर दोन्ही क्रम एकच होते.

१००० शोधताना मधला आकडा दर वेळी लहानच निघे आणि शोध उजव्या टोकाला जाऊन संपे. १०१ चं मात्र कागदावर मांडल्यावरच कळलं. मधल्या जागा ४४९, २२४, १११, ५५, २७, १३, ६, २ आणि शेवटी ०. शून्याव्या, म्हणजे यादीतल्या पहिल्याच, जागी हजार बसलेला. १०१ त्याहून लहान, म्हणून शोध आणखी डावीकडे वळला आणि तिथेच संपला. आजी अगदी लागून, पुढच्याच जागेवर होत्या. एका नव्या नोंदीने जुनी नोंद अशी झाकावी, याने मी हादरलो.

सॉर्टला आकड्यांची तुलना दिली, आणि बायनरी सर्च काढूनच टाकला. नऊशे नोंदी एकेक करून तपासायला कितीसा वेळ लागतो? बायनरी सर्च इथे घालायलाच नको होता, असं माझं ठाम मत आहे.

संध्याकाळच्या संकलनाला सचिवांनी आधी १०१ टाकला. नाव आलं. मग वहीतलं सकाळचं दूध चढवलं.