माळरानाच्या पायवाटेला कोणतं मशीन?

सोलापुरात पायवाट साफ ठेवायचं मशीन घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो ‘किती सीसी?’ हा प्रश्न नंतरचा. आपल्याकडची वाट म्हणजे मुरूम, त्यात डोकं वर काढलेले दगड, कडेला कुसळी गवत, मध्येच काँग्रेस गवत आणि वळणावळणाला वेडी बाभूळ. ५२ सीसीचं इंजिन असलं तरी पातं चुकलं तर तासाभरात हात भरून येतात आणि पात्याचे दात जातात. म्हणून आधी वाटेवर काय उगवतं ते बघा, मग पातं ठरवा, आणि ते पातं फिरवेल एवढं इंजिन घ्या.

हिरवळीचा चाकाचा मोवर इथे बाद. पहिल्याच दगडावर त्याचं पातं वाकतं. पॉवर वीडर डाळिंब-द्राक्षाच्या बागेमुळे अनेकांच्या घरी असतो आणि तोच वाटेवर घालायचा मोह होतो. तो टाळा. वीडर गवत कापत नाही, जमीन उकरतो. दाबून बसलेला मुरूम एकदा मोकळा झाला की पुढच्या जोराच्या पावसात वाटेची नाली होते.

वाट ५-६ फूट रुंद असेल आणि मिनी ट्रॅक्टर दारात असेल तर ४ फुटी स्लॅशर, म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडायचं गवत कापायचं यंत्र, चांगला. त्यात पाती घट्ट बसवलेली नकोत, बोल्टवर झुलणारी हवीत. दगड लागला की ती मागे वळतात. जास्त ताण आला की तुटणारा शिअर बोल्ट गेला की हाताशी असलेला कडक बोल्ट ठोकायची आपली सवय महागात पडते. तो बोल्ट तुटण्यासाठीच असतो. तो तुटला नाही तर गिअरबॉक्स तुटतो.

बाकी सगळ्या वाटांना ब्रश कटर, म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला पातं फिरवणारं, अंगावर घेऊन चालवायचं मशीन. पाठीवर घ्यायचा की खांद्याला अडकवायचा, यावर दुकानात बराच वाद चालतो. पाठीवरच्या मशीनचा दांडा लवचिक केबलवर मोकळा फिरतो. बांधावर, उतारावर पात्याऐवजी लावलेल्या नायलॉन दोरीने गवत मारायला तो सुखाचा आहे. पण लोखंडी पातं खोडाला अडकून उसळलं की तो मोकळा दांडा आवरत नाही. झुडपं तोडायची असतील तर सरळ दांड्याचं, सायकल हँडलचं आणि दोन्ही खांद्यांच्या पट्ट्याचं मशीन घ्या. दाट झाडीत ते हँडल फांद्यांत अडकतं हे खरं, पण आपल्या विरळ रानात फारसा त्रास होत नाही.

आता पातं. कोवळ्या गवताला २.४ ते ३ मिमीची नायलॉन दोरी पुरते. दगडाजवळ तीच बरी, फक्त खडे उडतात. काँग्रेस गवतावर मात्र दोरी नको. ती त्याचा चुरा करून रस अंगावर उडवते आणि कातडीला खाज सुटते. पाऊस पडून जमीन ओली असताना, फुलं येण्याआधी, हातमोजे घालून ते मुळासकट उपटावं.

वाळलेलं कुसळी, तरवडाचे फोक, बोरीची कोवळी फूट याला १० इंची तीन दातांचं पातं. कानशीने घासता येतं, दगड लागला तरी दुरुस्त होतं. तिन्ही दात सारखेच घासा, नाहीतर तोल जाऊन मशीन थरथरतं. ८० दातांचं कार्बाइड (कठीण धातूचे दात बसवलेलं) पातं अंगठ्याएवढ्या बाभळीला झकास, पण दोन इंचांच्या वर त्याला घालू नका, आणि दगड दिसला की थांबा. कार्बाइडचा दात उडाला की घरी दुरुस्त होत नाही. पात्यावर कोरलेला आरपीएमचा (मिनिटाला किती फेरे) आकडा मशीनच्या कमाल वेगापेक्षा जास्त हवा.

पातं वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं. म्हणून उजवीकडून डावीकडे झोका द्यायचा आणि डाव्या अंगाने कापायचं. पात्याचा पुढचा उजवा भाग, घड्याळात १२ ते ३ येतात तो, खोडाला लागला की मशीन उसळतं. पात्याच्या नटाचे आटे उलटे असतात. सैल करायला घड्याळाच्या दिशेने फिरवा. जोर लावून उलटं फिरवल्याने बिघडलेले आटे गॅरेजमध्ये नेहमी दिसतात.

वेडी बाभूळ मशीनने संपत नाही. वरून कापली की पुढच्या पावसाळ्यात एकाच्या जागी दहा फोक. शिवाय कोयत्याने तिरपं छाटलेलं खुंट म्हणजे वाटेत रोवलेला भालाच. चप्पल, टायर काही वाचत नाही. आधी जमिनीलगत सपाट कापा, मग टिकाव आणि पहार घेऊन मुळाचा गड्डा साधारण फूटभर खोलीपासून काढा. फुटवे त्या गड्ड्यातूनच येतात. हे काम ओल असतानाच जमतं. मे महिन्यात मुरूम पहारीलाही दाद देत नाही.

इंजिन टू-स्ट्रोक असेल तर ऑइलचं प्रमाण मशीनच्या पुस्तिकेतलंच. २५:१ म्हणजे लिटरला ४० मिली, ५०:१ म्हणजे २० मिली. अंदाजाने ओतलं की एकतर पिस्टन चिकटतो किंवा प्लग काळा होतो. फोर-स्ट्रोकला मिसळायची कटकट नाही, पण त्यात ऑइल जेमतेम १०० मिली असतं, त्यामुळे रोज तपासावं लागतं. वाळलेल्या गवताचा भुसा इंजिनच्या पंख्यांत आणि एअर फिल्टरमध्ये बसतो. दर टाकीनंतर तो झटकून टाका. पात्याजवळच्या गिअर हेडला २०-२५ तासांनी ग्रीस. तापलेल्या इंजिनमध्ये पेट्रोल ओतू नका, आणि वाळलेल्या गवतात उभं राहून तर मुळीच नाही.

डोळ्यांना जाळी, कानाला बोंडं, पायात जाड तळव्याचे गुडघ्याजवळ पोचणारे बूट. घोणस आणि फुरसं या रानात आहेतच. १५ मीटरच्या आत दुसरा माणूस किंवा जनावर नको.

वेळ महत्त्वाची. सोलापुरात सप्टेंबरचा पाऊस भरवशाचा, त्यामुळे ऑगस्टमध्ये मारलेलं गवत पुन्हा तेवढंच येतं. शिवाय पावसाळ्यात जमिनीवर घरटी करणारे पक्षी गवतात असतात. मुख्य कापणी पाऊस ओसरल्यावर, पण कुसळं पिकून गळण्याआधी. जमिनीपासून ३-४ इंच ठेवून. अगदी खरवडून कापलं की माती उघडी पडते. नान्नजचं माळढोक अभयारण्य किंवा वन विभागाची कुठलीही हद्द असेल तर लेखी परवानगीशिवाय पातं सुरूच करायचं नाही. कापलेलं गवत वाटेकडेला ढीग करून ठेवू नका, उन्हाळ्यात एका बिडीचं काम असतं. कुसळं धरण्याआधी कापलं असेल तर वैरण म्हणून कुणीही आनंदाने नेतं.

काम संपलं की टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा. आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ओल शिरते आणि कार्बोरेटरचा पडदा कडक होतो. दिवाळीनंतर ठेवलेलं मशीन जूनमध्ये सुरू होत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.