गुणगुण गेली! एलएम३८८६ च्या दोन बोर्डांमधला लूप सापडला

मंडळी, एलएम३८८६ या अँप्लिफायर चिपचे दोन बोर्ड घेऊन घरी जोडलेल्या माझ्या स्टीरिओ अँपची गुणगुण गेली. वूफरला कान टेकवला तरी आता काही ऐकू येत नाही. स्पीकरच्या टर्मिनलवर आधी २० मिलिव्होल्टच्या आसपास एसी दिसायचं, ते ०.४ वर आलं आहे. त्याहून मोठं समाधान म्हणजे ती कुठून येत होती हे नीट कळलं. दोन सुटे मोनो बोर्ड घेऊन ज्यांनी स्टीरिओ अँप जोडला आहे, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या डब्यात हाच लूप (ग्राउंडच्या वायरींचं बंद रिंगण) बसलेला असणार, म्हणून ही नोंद जरा सविस्तर.

स्वस्त अँप म्हणून मी तीन उमेदवार पारखतो आहे: जुन्या लॅपटॉपच्या १९ व्होल्ट चार्जरवर चालणारा टीपीए३११६ चिपचा बोर्ड, टीपीए३२५५ चिप असलेला तयार डबा, आणि १८-०-१८ व्होल्टच्या टोरॉइडवर (कड्याच्या आकाराच्या ट्रान्सफॉर्मरवर) घरी जोडलेला एलएम३८८६.

वॅटचा हिशेब एकदाच मांडतो. माझे स्पीकर ८६ डेसिबलचे (एका वॅटला, एक मीटरवर), ८ ओहमचे. मी बसतो अडीच मीटरवर, म्हणजे अंतरापोटी ८ डेसिबल जातात आणि दोन स्पीकरांचे मिळून ३ परत येतात. एका वॅटला ८१. माझं ऐकणं सरासरी ७५ डेसिबलला, त्याला पाव वॅट पुरतो. तबल्याची थाप त्यावर १५ डेसिबल उसळली तरी ८ वॅटमध्ये भागतं. १८-०-१८ वर रेल (चिपला मिळणारं डीसी) प्लस-मायनस २४ व्होल्टच्या आसपास येते आणि एलएम३८८६ त्यातून सुमारे २५ वॅट काढतो. आपल्याकडच्या फ्लॅटमधल्या खोलीला हे भरपूर आहे. म्हणून स्वस्त अँप निवडताना मी आधी तो किती शांत आहे ते बघतो आणि वॅटचा आकडा शेवटी.

शांततेचा एवढा आग्रह का, तर मी मुख्यतः खयाल ऐकतो. एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरमधून कपॅसिटर सेकंदाला १०० वेळा भरतात, त्यामुळे ही गुणगुण १०० हर्ट्झची. गायकाचा सा पांढरी एकचा असेल तर तंबोऱ्याचा पंचम ९८ हर्ट्झला लागतो. ९८ आणि १०० एकत्र वाजले की सेकंदाला दोन हेलकावे. आलापाच्या सुरुवातीला, आवाज अगदी बारीक असताना, तंबोरा डुलायला लागायचा आणि पंचम नीट लागलेलाच नाही अशी शंका यायची. काळी एकच्या गायकाला पंचम १०४ च्या जवळ, तिथे हेलकावे चार. रेकॉर्डिंग उत्तम, गायक सुरेल, आणि माझ्या खोलीत मात्र तंबोरा बेसूर. हे सहन होण्यासारखं नव्हतं.

आता तपास. इनपुट शॉर्ट करून अँप चालू केला की दोन्ही बाजू शांत, म्हणजे बोर्ड, चिप आणि पॉवर सप्लाय यांचा दोष नाही. डॅक (डिजिटल संगीताचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारा डबा) लावला, डॅकला लॅपटॉप, लॅपटॉपला तीन पिनांचा चार्जर, की गुणगुण हजर. नेहमीचा अर्थ लूप: चार्जरची तिसरी पिन, घरातलं अर्थिंग, अँपची चासी (धातूचा डबा), आरसीए केबलचं शील्ड (बाहेरची जाळी), डॅक, यूएसबी आणि पुन्हा लॅपटॉप. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर घेतला. गुणगुण निम्म्यावर आली, पण गेली नाही.

इथे बरेच जण अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. कृपया करू नका. धातूच्या डब्यात २३० व्होल्ट आहेत, ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन उद्या गेलं तर चासीला हात लावणाऱ्याचं काय होईल याचा विचार करा. चासी थेट अर्थिंगलाच राहू द्या. सिग्नलचं ग्राउंड आणि चासी यांच्यामध्ये १० ओहमचा रेझिस्टर, त्याला समांतर ३५ अँपिअरचा डायोड ब्रिज आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका. साध्या वेळी लूपचा प्रवाह रेझिस्टर अडवतो, फॉल्ट झाला तर ब्रिजमधले डायोड प्रवाह अर्थिंगला नेतात. मी हेच केलं. चार्जर लावला तरी आता फरक पडेना, बाहेरचा लूप तुटला.

उरलेली निम्मी गुणगुण मात्र जागची हलेना. केबल बदलल्या. टोरॉइड बोल्टवर थोडा थोडा फिरवून बघितला, त्याने आवाज कमीजास्त व्हायचा पण जायचा नाही. (फिरवताना एक सांभाळा: टोरॉइडच्या मधल्या बोल्टचं वरचं टोक झाकणाला टेकता कामा नये. टेकलं तर चासी आणि बोल्ट मिळून शॉर्ट झालेला एक वेढा तयार होतो आणि ट्रान्सफॉर्मर तापून जळतो.)

खरा धागा हाती लागला तो वेगळ्याच कामात. डावा चॅनेल तपासायचा म्हणून उजवी आरसीए पिन काढली आणि दोन्ही स्पीकर एकदम गप्प! उजवी लावून डावी काढली, तरी गप्प. दोन्ही लावल्या की गुणगुण. म्हणजे लूप अँपच्या आतून सुरू होऊन डॅकमधून परत अँपमध्येच येत होता. दोन्ही बोर्डांची ग्राउंडची वायर पॉवर सप्लायच्या स्टार पॉइंटला (सगळी ग्राउंड एकत्र येतात त्या जागी) जोडलेली. दोन्ही आरसीएची शील्ड डॅकच्या आत एकमेकांना जोडलेली. स्टार, डावा बोर्ड, डावं शील्ड, डॅक, उजवं शील्ड, उजवा बोर्ड आणि परत स्टार असं हे मोठं रिंगण. शेजारून रेक्टिफायरच्या ब्रिजपासून कपॅसिटरपर्यंतच्या वायरी जात होत्या आणि त्यांतून सेकंदाला १०० वेळा प्रवाहाचे जोरदार झटके. रिंगणात त्यांचं चुंबकीय क्षेत्र शिरतं, शील्डमधून प्रवाह वाहतो, आणि शील्डच्या क्षुल्लक रोधावर अर्धा मिलिव्होल्ट जरी पडला तरी अँप तो २१ पट करून स्पीकरला देतो. इनपुट शॉर्ट करून केलेल्या चाचणीत हे दिसणं शक्यच नव्हतं, कारण तिथे दोन शील्ड एकमेकांना भेटतच नाहीत.

उपाय तीन, आणि तिन्ही केले. मागच्या पॅनलवर दोन्ही आरसीए सॉकेटची ग्राउंड जाड वायरने एकत्र जोडली (सॉकेट चासीपासून इन्सुलेट केलेली हवीत). ब्रिज ते कपॅसिटरच्या वायरींना घट्ट पीळ देऊन त्या इनपुटपासून दूर नेल्या. आणि मुख्य म्हणजे दोन्ही बोर्डांवर इनपुटचं ग्राउंड पॉवर ग्राउंडपासून तोडून मध्ये १० ओहम टाकला. लूपमध्ये जे व्होल्टेज तयार होतं ते आता या रेझिस्टरवर पडतं, शील्डवर जवळपास काही उरत नाही. दोन रुपयांचा भाग! चांगल्या बोर्डांवर त्याची जागा आधीच छापलेली असते. माझ्या किटवर दोन्ही ग्राउंड तांब्याच्या एकाच पट्टीत होती, ती पट्टी ब्लेडने कापावी लागली. विक्रेत्याला विचारलं तर सर्किट डायग्रामसुद्धा मिळाला नाही. किट घेण्याआधी डायग्राम मागा, देत नसतील तर दुसरीकडे जा.

खरेदीचंच निघालं आहे तर सांगतो. टोरॉइड पुण्यात पासोड्या विठोबाजवळ सांगून वाइंड करून घेतला आणि त्याबद्दल मी फार खूश आहे, पूर्ण लोडवरही कोमटच राहतो. चिप मात्र अधिकृत वितरकाकडूनच घ्या, जास्त पैसे गेले तरी. एलएम३८८६ ची टीएफ आवृत्ती मिळाली तर उत्तम, तिची पाठ इन्सुलेटेड असते. साध्या टी आवृत्तीच्या पाठीवर मायनस रेल असते, तिला हीटसिंकवर अभ्रक लावावाच लागतो. सोल्डरिंगला अजून सोल्ड्रॉनची २५ वॅटचीच वापरतो, बदलावंसं वाटलेलं नाही.

बाकी दोघांचं थोडक्यात. टीपीए३११६ वर गुणगुण नाही, पण बारीक फुसफुस आहे. या चिपचा गेन (सिग्नल किती मोठा करायचा ते प्रमाण) २०, २६, ३२ किंवा ३६ डेसिबल असा रेझिस्टरने ठरतो. माझ्या बोर्डवर तो ३२ ला आहे, २० ला आणला की फुसफुस बरीच खाली जाईल. कॉम्प्युटरच्या टेबलावर याच्याइतका स्वस्त आणि मस्त दुसरा नाही. टीपीए३२५५ चा डबा ताकदवान आणि शांत, पण त्यात फीडबॅक (चूक सुधारायला आउटपुटमधून परत घेतलेला सिग्नल) आउटपुट फिल्टरच्या आधी घेतलेला आहे, त्यामुळे स्पीकरच्या इम्पीडन्सप्रमाणे (एसीला होणाऱ्या रोधाप्रमाणे) ट्रेबल बदलतो. माझ्या स्पीकरवर सारंगी किंचित टोकदार वाटते. फिल्टरनंतर फीडबॅक घेणारे डबे आता मिळतात, फोसी कंपनीचा व्ही३ मोनो त्यातला. तो ऐकायची फार इच्छा आहे.

खरं तर पुढे प्री-अँप (अँपच्या आधी सिग्नल मोठा करणारा भाग) करणार होतो, पण हे लिहिता लिहिताच आकडे परत मांडले आणि बेत बदलला. डॅक देतो २ व्होल्ट. २१ च्या गेनला अँप ०.७ व्होल्टमध्येच पूर्ण ताकदीला पोचतो, म्हणून माझा व्हॉल्यूम कायम सुरुवातीच्या टप्प्यात अडकलेला, आणि व्हॉल्यूमच्या स्वस्त पॉटमध्ये डावं-उजवं सर्वात जास्त तिथेच चुकतं. गायक मधोमध न बसता थोडा डावीकडे सरकलेला वाटतो तो यामुळेच. प्री-अँपने गेन आणखी वाढेल, हवंय उलटं. फीडबॅकचा २० किलोओहम काढून १० किलो टाकला की गेन ११ होतो. ही चिप १० च्या खाली अस्थिर होते, म्हणजे ११ ला धोका नाही. उरलीसुरली गुणगुण आणि फुसफुसही निम्मी होईल. प्री-अँप रद्द.

आणखी एक सुचलं. फोनवरचा तंबोरा पांढरी एकला लावून अँपमधून अगदी बारीक वाजवायचा आणि पंचमावर हेलकावे येतात का ते ऐकायचं. मल्टीमीटरला जे दिसत नाही ते कानाला कळेल. ग्रिडची फ्रिक्वेन्सी बहुतेक वेळ ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात हलते, त्यामुळे हेलकाव्यांची गती किंचित बदलेल, पण चाचणीला त्याने फरक पडत नाही. तुमच्या अँपवर करून बघा आणि काय ऐकू आलं ते कळवा. विशेषतः ज्यांच्याकडे दोन मोनो बोर्ड आहेत त्यांनी, एक आरसीए काढून आणि दोन्ही लावून, असं दोन्ही प्रकारे.